मासा दिसतो तिथे नसतो

आरे आणि वारे या दोन पुळणींच्या मधे डोंगराची एक सोंड समुद्रात उतरते. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा किनाऱ्याचा रस्ता तिच्यावर चढतो आणि गाड्या तिथे थांबतातच, फोटोसाठी. खाली पायथ्याशी काळं खडप आहे. पावसाळ्यातला गढूळपणा बसून थंडीत पाणी निवळलं की अशा खडपांचं आकर्षण हौशी भालाईतांना वाटणारच. अंगात घट्ट काळा पोशाख, पायांत लांब फिन्स, तोंडावर मास्क आणि हातात रबराच्या ताणावर सुटणारा भाला. असा माणूस पाण्यातून बाहेर आला की पुळणीवरची पोरं खेळ टाकून त्याच्याभोवती जमतात. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, तुमचं सिलिंडर कुठाय?"

सिलिंडर नसतंच. अनेक देशांत सिलिंडर लावून भाल्याने मासे मारायला कायद्यानेच बंदी आहे. बुडबुडे सोडणाऱ्या माणसापासून मासे तसेही लांब राहतात. एका श्वासात खाली जायचं, एका श्वासात वर यायचं, एवढाच हा खेळ.

पण श्वासाआधी डोळ्यांची गोष्ट. ओहोटीला कातळात साचलेलं एखादं स्वच्छ डबकं गाठावं आणि पोराच्या हातात नारळाच्या झापाचा एक हीर द्यावा. तळाच्या एका खड्यावर तिरकी नजर लावायची आणि त्याच रेषेत हीर झपकन आत घालायचा. खडा चुकतो. हीर त्याच्या वरून पलीकडे जातो, दर वेळी. कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो आणि डोळा बिचारा तो सरळच आला असं धरून चालतो. सरळ वरून पाहिलं तरी चार फूट खोल असलेला मासा तीन फुटांवर दिसतो, आणि नजर जितकी तिरकी तितकी ही फसवणूक वाढते. म्हणून काठावरून भाला मारणारा माशाच्या खाली नेम धरतो. त्याहून नामी युक्ती म्हणजे टोक आधी हळूच पाण्यात बुडवायचं आणि मग नेम धरायचा. आता टोक आणि मासा दोघेही जवळजवळ सारखेच वाकून दिसतात, त्यामुळे चूक बरीचशी आपोआप फिटते. पोरांना हे दोन-तीन प्रयत्नांत साधतं. मोठी माणसं आधी वाद घालतात.

पाण्यात शिरल्यावर फसवणूक वेगळी. मास्कमधे डोळ्यांपुढे हवेचा कप्पा असतो, त्यामुळे सगळं स्पष्ट दिसतं खरं, पण मासा सुमारे पाव अंतराने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठा वाटतो. नवशिक्याचा भाला त्यामुळे अलीकडेच पडतो. 'केवढा मासा सुटला म्हणून सांगू' असं म्हणणारा दरवेळी थापच मारत असतो असं नाही. त्याने तो तेवढा पाहिलेला असतो! रंगांचंही तेच. पाणी आधी तांबडा रंग गिळतं, म्हणून खोलात तांबोशी मळकट करडी दिसते आणि वर आणली की लालेलाल होते. कानांना मात्र खडपात सतत तडतड ऐकू येते, लाह्या फुटल्यासारखी. ती एका जातीच्या बारक्या कोळंब्यांची असते. नांगी इतक्या वेगाने मिटतात की पाण्यात क्षणभर एक बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो त्याचा हा आवाज.

मास्क न लावता दिसेल का? आपल्याला अंधुकच. पण थायलंडच्या किनाऱ्यावरच्या मोकेन जमातीची मुलं उघड्या डोळ्यांनी पाण्याखाली शिंपल्या वेचतात. स्वीडनच्या आना गिसलेन यांनी 2003 मधे दाखवून दिलं की या मुलांना पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुपटीहून बारीक दिसतं. पाण्यात आपल्या बाहुल्या पसरतात, ही मुलं त्या आवळून घेतात. पुढे गिसलेन यांनी स्वीडनमधल्या मुलांकडून सराव करून घेतला, तर त्यांनाही ते जमलं. म्हणजे ही जन्मजात देणगी नव्हे, सवय.

आता श्वास. गार पाणी चेहऱ्याला लागलं आणि श्वास रोखला की काळजाचे ठोके मंदावतात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मेंदू-हृदयाकडे राखलं जातं. पाणथरी, म्हणजे प्लीहा, आवळते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. सील प्राण्यांत हे फार जोरात होतं, आपल्यात थोडं, पण होतं खरं. इंडोनेशियातले बजाऊ लोक पिढ्यान् पिढ्या बुड्या मारून भाल्याने मासे मारतात. 2018 मधे मेलिसा इलार्डो आणि सहकाऱ्यांना आढळलं की बजाऊंची पाणथरी शेजारच्या जमातीपेक्षा सुमारे निम्म्याने मोठी असते, आणि जे कधी बुडी मारत नाहीत त्या बजाऊंचीही. इथे मात्र सवय नाही, रक्तातच उतरलेली गोष्ट.

घुसमट का होते, याचं उत्तर बहुतेकांना उलटं ठाऊक असतं. प्राणवायू संपला म्हणून जीव कासावीस होत नाही. कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून होतो. शरीर इशारा देतं ते त्या मोजमापावर. म्हणूनच बुडीआधी जोरजोरात श्वास घेणं जिवावर बेततं. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा धुऊन जातो आणि इशाराच उशिरा येतो. त्यात दाबाचा घात. दहा मीटर खोल दाब वरच्या दुप्पट, त्यामुळे उरलासुरला प्राणवायूही तिथे पुरतो. वर येताना दाब उतरतो, त्याबरोबर रक्तातल्या प्राणवायूचाही दाब कोसळतो आणि माणूस शेवटच्या काही मीटरांत, कसलीही चाहूल न लागता, बेशुद्ध पडतो. यावर भालाईतांचा एकच नियम: दोघांनी जायचं; एक खाली तर दुसरा वर, त्याच्यावर नजर ठेवून. पोरांना खेळातली कुठलीही गोष्ट सांगायची राहिली तरी चालेल, ही राहता कामा नये. त्यातून आरे-वारेचा समुद्र जितका देखणा तितकाच दगाबाज. इथे लोक बुडालेले आहेत, आणि त्यात पोहता येणारेही असणार.

भाल्याच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं ते असं की जाळं निवड करत नाही, भाला करतो. खरं आहे. रापणीत पिल्लंही येतात; इथे एका वेळी एकच मासा, तोही पाहून. पण माणसाची नजर मोठ्यावर जाते, आणि इथेच गोब्रा गंमत करतो. गोब्र्याच्या कित्येक जाती मादी म्हणून वाढतात आणि मोठ्या झाल्यावर नर होतात. खडपातला सगळ्यात थोराड गोब्रा बहुधा नर असतो. असे थोराड उचलत राहिलं तर उरलेल्या माद्यांची अंडी फळायला नर पुरणार नाहीत. मला विचाराल तर मोठा सोडून मधल्या अंगाचा मारणं हीच या खेळातली खरी हुशारी. राक्षसी गोब्रा, जो दोन मीटरांच्या पुढे वाढतो, तर 2001 मधे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातला गेला. त्याला हात लावायचा नाही. ही सगळी ओळख पटवायची ती एका श्वासात, रंग उडालेल्या आणि एक तृतीयांशाने मोठ्या दिसणाऱ्या माशावरून, आणि चाप ओढण्याआधी.