हळदीचा डाग आणि 'माइल्ड' साबण

ओढणीवर हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण चोळला की डाग लाल होतो. हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. कारण सोपे आहे. हळद आम्लारीच्या संपर्कात आली की लाल होते आणि साबण आम्लारीधर्मी असतो. त्याचा सामू साधारण 9 ते 10 असतो. आपल्या त्वचेचा सामू मात्र 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. साबणाने वारंवार धुतल्यावर हात ओढल्यासारखे का वाटतात, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

उरलेले अर्धे असे. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून साबण बनतो. तो मळाचा तेलकटपणा काढतो, पण त्याबरोबर त्वचेला मऊ ठेवणारे तिचे स्वतःचे तेलही नेतो. बोअरचे दुष्फेन पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसणारा तो साका त्वचेवर आणि केसांतही राहतो.

दिवसभर भांडी-धुणे करणाऱ्या भगिनी, तान्ही बाळे, इसब असलेली मुले आणि कोरड्या त्वचेची वडीलधारी माणसे यांना याचा त्रास जास्त होतो. बोटांच्या पेरांना भेगा पडतात, मूल रात्रभर खाजवते. अशांसाठी एक सौम्य घटक माहीत असावा: सोडियम कोकोइल आइसेथिओनेट.

नाव अवघड असले तरी गोष्ट साधी आहे. खोबरेल तेलातली मेदाम्ले आइसेथिओनिक आम्लाच्या सोडियम क्षाराशी जोडली की हा पांढरा घट्ट पदार्थ मिळतो. या जातीचे पदार्थ 1930 च्या दशकात जर्मनीत कापड उद्योगासाठी वापरात आले. 1957 मध्ये अमेरिकेत 'डव्ह' ही वडी याच घटकावर आधारून बाजारात आली. रूप साबणाचे, पण मुख्य घटक साबण नव्हे.

याचे गुण तीन. याची वडी सामान्यतः सामू 7 च्या आसपास किंवा त्याखाली ठेवता येते. दुष्फेन पाण्यात याचा साका होत नाही. आणि याच्या कणांचे पुंजके पाण्यात आकाराने मोठे असतात, त्यामुळे ते त्वचेच्या वरच्या थरात कमी शिरतात. फेस मात्र दाट, मऊ येतो. पाण्यात फार काळ राहिल्यास हा घटक हळूहळू विघटित होतो, म्हणून पातळ शाम्पूपेक्षा वडीत आणि शाम्पू-बारमध्ये तो अधिक आढळतो.

विकत घेताना समोरच्या बाजूचा 'माइल्ड' शब्द वाचून थांबू नका, वेष्टन उलटा. घटक साधारणपणे जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. हे नाव पहिल्या एक-दोनांत असेल तर वडी खरोखर यावर आधारलेली आहे; शेवटी असेल तर ते नावापुरतेच. 'सोडियम टॅलोएट' म्हणजे जनावराच्या चरबीचा साबण, 'सोडियम पामेट' म्हणजे पामतेलाचा. 'कोकोइल' शब्द नारळाचा. मात्र त्याच वडीत स्टिअरिक आम्लही असते आणि ते वनस्पतीचे किंवा जनावराचे, दोन्ही असू शकते. हलालबाबत शंका असेल तर कंपनीला विचारावे.

घरी एक प्रयोग मुलांसोबत करा. पांढऱ्या कापडावर ओल्या हळदीचे बोट उमटवून वाळू द्या आणि त्यावर वडीचा फेस लावा. लाल झाले तर तो साबण. पिवळेच राहिले तर वडी आम्लारीधर्मी नाही. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. सोडियम लॉरिल सल्फेटच्या पातळ शाम्पूनेही हळद पिवळीच राहू शकते आणि तो घटक त्वचेला बराच कडक आहे. म्हणून हळद आणि वेष्टन, दोन्ही पाहावे.

घरगुती शाम्पू-बार बनवून विकणाऱ्या भगिनींसाठी एक सूचना. याची बारीक भुकटी उडून नाक-घसा चुरचुरतो, तेव्हा मास्क लावूनच काम करावे.

हा घटक औषध नाही. इसब याने बरे होत नाही, फक्त धुण्यामुळे होणारी झीज कमी होते. भेगा चिघळल्या तर मेडिकलमधून स्वतःच मलम आणू नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. वुजूला तर साबण लागतच नाही, स्वच्छ पाणी पुरेसे आहे. हिवाळ्यात नमाजनंतर हातापायांना थोडे खोबरेल तेल लावले, आंघोळीचे पाणी फार कढत घेतले नाही आणि वडी सौम्य निवडली, तर महागड्या क्रीमची गरज बरीच कमी होईल, इन्शाअल्लाह.