कामावरून कमी केले, मग भरपाईचे काय?



या पानावर एरवी मी लागण, बेणे आणि खोडवा याविषयी लिहितो. या वेळचा विषय शेतीबाहेरचा आहे, पण तो निघाला मात्र बांधावरच. ऊसनोंदीसाठी फिरत असता आपल्या एका वयस्कर सभासदांकडे चहाला थांबलो होतो. त्यांना गावात तात्या म्हणतात. तात्या १९६९ साली लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा तेही गावी आले. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. तात्यांनी ऊस लावला आणि १९८५ साली परळला जाऊन हिशेब घेतला. फंड मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली. सही केली तो छापील कागद त्यांनी अजून ट्रंकेत ठेवला आहे. त्यावर शब्द आहे ‘राजीनामा’.

तात्यांनी विचारले, “साहेब, मला भरपाई बसत होती का?”

या प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दात आहे. कामगाराला कमी केल्यावर भरपाई देण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली घालण्यात आली. कायद्याच्या भाषेत त्याला कामगार कपात म्हणतात, गिरणगावात छाटणी म्हणत. मालकाने कोणत्याही कारणाने नोकरी संपवली, तर ती छाटणी होय. परंतु शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढले, वयोमानाने निवृत्त झाला किंवा स्वखुशीने नोकरी सोडली, तर ती छाटणी नव्हे व ही भरपाईही नाही. संप बेकायदेशीर ठरविला गेला होता, त्यामुळे अनेकांवर गैरहजेरीचा ठपका आला. उरलेल्यांनी हिशेबाच्या घाईत राजीनाम्यावर सह्या केल्या. तात्यांना मी खरे ते सांगितले. ते काही बोलले नाहीत, कागद घडी करून परत ठेवला.

आता कोणी म्हणेल, गिरणीचा कायदा वेगळा होता. खरे आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता, आणि आपल्या राज्यातील साखर धंद्यालाही तोच होता. पण छाटणीच्या हक्कापुरता केंद्राचा कायदा वरचढ, असे त्या कायद्यातच लिहिले होते.

छाटणीचा पैसा ही मालकाची मेहेरबानी नाही, हे ठरले तेही मुंबईतच, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन वॉर्ड-सेविकांच्या प्रकरणात. त्यांना कमी करताना भरपाई दिली गेली नाही. युनियन न्यायालयात गेली व सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. १९६० साली निकाल लागला. तो लिहिला आपल्या सातारचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी. भरपाई ही छाटणीची पूर्वअट आहे, ती त्या वेळीच दिली नाही तर छाटणीच कायदेशीर होत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे आधी पैसा, मग निरोप. ‘हेड ऑफिसकडून चेक येईल, तुम्ही पुढच्या महिन्यात या’ हे चालत नाही. मात्र आजकाल न्यायालये दरवेळी परत कामावर घ्यायला सांगतातच असे नाही, पुष्कळदा एकरकमी रक्कम देववतात. हेही ध्यानात असावे.

कारखाना पूर्ण बंद झाला तर गोष्ट थोडी निराळी. भरपाईचा दर तोच, पण ती आधी देण्याची अट तिथे नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा देणी वर्षानुवर्षे का रखडली, याचे एक कारण हे. मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने बंद झाला तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी वेतनापुरती मर्यादित होते. परंतु नुसता तोटा झाला, माल पडून राहिला, ही तसली कारणे धरली जात नाहीत.

१९४७ चा कायदा आता राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. छाटणीची मुख्य अट मात्र तीच आहे. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचे सरासरी वेतन. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक भरले तर तेही पूर्ण वर्ष. २४० दिवसांत रविवार व पगारी सुट्ट्याही धरतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. बदल झाला तो मोठ्या कारखान्यांपुरता. पूर्वी १०० किंवा अधिक कामगार असले की छाटणीला सरकारची परवानगी लागे, आता ती मर्यादा ३०० झाली आहे. माझ्या मते कामगाराच्या दृष्टीने हे काही चांगले झाले नाही.

हे सारे आता लिहिण्याचे कारण तात्यांचा पुतण्या. तो लोअर परळला एका कंपनीत कामाला होता. महिना १८,००० पगार, नोकरी ६ वर्षे ८ महिने. त्याच्यापुढेही एक कागद आला. महिन्याचा पगार आणि ग्रॅच्युइटी घे आणि राजीनाम्यावर सही कर. तात्यांनी त्याला फोनवरच थांबवले. मग आम्ही ओट्यावर बसून हिशेब केला. सर्व पगार वेतनात धरला, तर ६ वर्षे ८ महिने म्हणजे ७ वर्षे, अर्धा महिना ९,००० प्रमाणे भरपाई ६३,०००. नोटिशीचे १८,०००. ग्रॅच्युइटी २६ दिवसांचा महिना धरून सुमारे ७२,७००. शिवाय नव्या संहितेप्रमाणे नवे कौशल्य शिकण्याच्या निधीतून १५ दिवसांचे वेतन, ९,०००. राजीनामा दिला असता तर ६३,००० आणि ९,००० दोन्ही गेले असते.

त्याच्या ओळखपत्रावर ‘ऑफिसर’ लिहिलेले आहे, म्हणून तो कामगार नाही असे कंपनीचे म्हणणे. पण पाटी पाहात नाहीत, प्रत्यक्ष काम काय ते पाहतात. पुतण्या माल उतरवून घेतो आणि नोंदी करतो.

आपल्या हंगामी कामगारांनी मात्र एक गोष्ट वेगळी समजून घ्यावी. गळीत संपले म्हणून काम थांबणे ही छाटणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात १९९५ साली सांगितले आहे.

पुतण्याने सही केली नाही. पगाराच्या पावत्या, हजेरी व नेमणुकीचे पत्र यांच्या नकला घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात अर्ज दिला आहे. अशा अर्जाला दोन वर्षांची मुदत असते, त्याने पंधरा दिवसांतच दिला. समेटाची पहिली तारीख पडली आहे आणि तात्या स्वतः त्याच्याबरोबर मुंबईला जाणार आहेत. जाताना ट्रंकेतला तो कागदही बरोबर नेणार म्हणतात. त्याचा तिथे उपयोग नाही असे मी सांगितले, पण ते ऐकत नाहीत.