होडी बसली माणसाच्या खांद्यावर



माणूस होडीत बसतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण होडीच माणसाच्या खांद्यावर बसते, हे कधी ऐकलंत का? मी दिवाळीच्या सुट्टीत ऐकले. माझा आतेभाऊ अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. तो घरी आला तेव्हा त्याने आपल्या सहलीची हकिकत सांगितली. तीच येथे लिहीत आहे.

मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीला लागून 'बाउंडरी वॉटर्स' नावाचे मोठे अरण्य आहे. त्यात एक हजाराहून जास्त तलाव आहेत. फार पूर्वी तिथे बर्फाचे जाड थर होते. ते सरकताना खडक खरवडला गेला व खळगे पडले. सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळले आणि खळग्यांत पाणी साठले. 1978 साली वेगळा कायदा करून हे अरण्य राखले आहे. बहुतेक तलावांवर मोटारबोटीला बंदी आहे. जायचे तर कनूतून. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालवायची हलकी होडी. तिथले ओजिब्वे लोक पूर्वी बर्च झाडाच्या सालीची कनू करीत. साल झाडाच्या मुळ्यांनी शिवीत आणि फटी राळेने बुजवीत.

आता गंमत ऐका. यातले बरेच तलाव एकमेकांना होडीने जाता येईल असे जोडलेले नाहीत. मध्ये जंगल, खडक नाहीतर धबधबा असतो. मग काय करायचे? होडी रिकामी करायची, उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि पुढच्या तलावापर्यंत चालायचे. या पायवाटेला 'पोर्टेज' म्हणतात. कनूच्या मध्यभागी एक आडवी दांडी असते, ती खांद्यांवर बसते. तिला तिकडच्या भाषेत चक्क 'जू' असाच शब्द आहे! म्हणजे त्या वेळी माणूसच बैल होतो.

पोर्टेज 'रॉड'मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. दादाला एक पोर्टेज 200 रॉडचे लागले. म्हणजे जवळजवळ 1 किलोमीटर. पण सामान एका खेपेत जात नाही. आता गणित करा. एकदा ओझे घेऊन गेलो, मोकळे परत आलो, पुन्हा ओझे घेऊन गेलो. किती किलोमीटर झाले? बरोबर, तीन! वाटेत चिखल, निसरडे दगड आणि डासांचे थवे. दोन्ही हात होडीला, मग डास मारणार कोण? दादाचा पाय घसरला आणि तो गुडघ्यावर पडला. तो म्हणाला, "लाज वाटली. मित्र पुढे गेले होते. मी दगडावर बसून राहिलो."

पण पुढच्या तलावावर माणूस नव्हता की आवाज नव्हता. संध्याकाळी गळ टाकला आणि वॉलआय नावाचे मासे लागले. या माशाचे डोळे मांजरासारखे चमकतात. त्याला अंधुक उजेडात चांगले दिसते, म्हणून तो तिन्हीसांजेला भक्ष्य शोधायला निघतो. मासेमारीला परवाना लागतो, आणि ठरल्यापेक्षा जास्त मासे ठेवता येत नाहीत. पोटापुरते ठेवून बाकीचे त्यांनी पाण्यात सोडले. तिखटमीठ लावून तिथेच तळले. उरलेल्या अन्नाची पिशवी अस्वल येऊ नये म्हणून झाडाला उंच टांगली.

आई सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, एवढं ओझं होतं तर सामान कमी नाही का न्यायचं?"

दादा म्हणाला, "तेच शिकलो, मामी. लागणार नाही ते घरीच ठेवायचं. आणि खरं सांगू? त्या दगडावर बसलो तेव्हा तुमची आठवण झाली. तुम्ही भारा घेऊन माळावरून येता तशी."

मग त्याला काय सुचले कोण जाणे, त्याने आईचा गवताचा भारा ताणकाट्याला लावला. 27 किलो भरला! त्याची कनू होती 19 किलोची. आम्ही सगळे गप्प झालो. आई मात्र म्हणाली, "त्यात काय, रोजचंच आहे."

अडीचशे वर्षांपूर्वी तिथे कातड्यांचा व्यापार चाले. तेव्हाचे हमाल साडेआठ मैलांच्या 'ग्रँड पोर्टेज' वाटेने ओझी नेत. कपाळावरून पट्टा घेऊन ते 41 किलोचे दोन गठ्ठे एका वेळी पाठीवर उचलत. त्यांच्या कपाळाला पट्टा, आईच्या डोक्याला चुंबळ. त्यांच्याबद्दल पुस्तकात लिहिले आहे. आईचा भारा मात्र आजवर आम्ही कधी मोजलाही नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही भाऊबहीण शाळा सुटल्यावर माळावर जातो. एका भाऱ्याचे आता तीन लहान भारे करतो. आईचा भारा आता कनूपेक्षा हलका आहे.

मित्रांनो, तुमच्या घरचे ओझे कोण उचलते? एकदा ताणकाट्याला लावून पाहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी