कायदा, नोंद आणि कूळ

राज्य बदलणे आणि राज्यकारभार बदलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कधी कधी पाच दिवसांत उरकते. दुसरीला दोन पिढ्याही पुरत नाहीत. हैदराबाद संस्थानात १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. तेव्हापासून १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे भाषावार विभाजन होईपर्यंतच्या आठ वर्षांत तेथे जमीनसुधारणेचा जो प्रयोग झाला, त्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे त्या राज्यात होते, म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे. परंतु त्याहून मोठे कारण असे की, सुधारणा कोठे अडते हे या प्रयोगात विशेष स्पष्टपणे दिसते.

प्रथम त्या वेळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. संस्थानातील सुमारे साठ टक्के जमीन 'दिवाणी', म्हणजे थेट सरकारी वसुलाखाली होती. सुमारे दहा टक्के जमीन 'सर्फ-ए-खास', म्हणजे निजामाची खाजगी होती, आणि उरलेल्या तीस टक्क्यांच्या आसपास जमिनीवर जहागीरदारांचा अंमल होता. जहागिरीतील रयतेचा राज्याशी जो संबंध येई, तो जहागीरदाराच्या कारकुनामार्फत.

दिवाणी मुलखातही सारे आलबेल होते असे नव्हे. पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली आणि वसुलाचे मक्ते बंद करून पगारी अंमलदार नेमले. ही सुधारणा मोठीच होती. मात्र ज्या देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम गेले, त्यांना नुकसानभरपाई म्हणून रुसूम मिळाला, अनेकांच्या हाती विस्तीर्ण जमिनी राहिल्या, आणि गावचे दप्तर वंशपरंपरेने चालणाऱ्या पाटील-पटवाऱ्यांच्याच घरी राहिले. अशा रीतीने एका सुधारणेने जुना मक्तेदार घालविला, पण पुढील सुधारणेच्या वाटेवर एक नवा धोंडाही ठेवला. सुधारणेच्या इतिहासात हा प्रकार वारंवार घडतो. ज्याला पदावरून दूर करावयाचे, त्याची समजूत काढण्यासाठी जे दिले जाते, तेच पुढे त्याचे बळ ठरते.

१९४९ साली सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाली, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला जहागिरी रद्द करणारा हुकूम निघाला. पुढील वर्षी, १९५० मध्ये, हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. ठराविक काळात सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळास या कायद्याने 'संरक्षित कूळ' हा दर्जा दिला. बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९५४ साली, त्यात दुरुस्ती झाली. जमीनधारणेस मर्यादा घालण्याचे तत्त्व आले. आणि सरकारने एखाद्या भागापुरती अधिसूचना काढताच तेथील संरक्षित कुळे मालक होतील, असे ३८-ई हे कलमही आले. किंमत हप्त्याहप्त्याने द्यावयाची होती. त्या काळच्या भारतात इतका पुढे गेलेला कायदा क्वचितच सापडेल. तेलंगणातील १९४६ ते १९५१ चा सशस्त्र लढा आणि १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीस विनोबांना मिळालेले भूदान यांची पार्श्वभूमी ध्यानात घेतली, म्हणजे ही निकड कोठून आली ते कळते.

आता फलिताकडे वळू. अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुसरो यांनी जहागीरनिर्मूलनाच्या व जमीनसुधारणेच्या परिणामांचा अभ्यास केला; तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, १९५१ मध्ये ज्यांना संरक्षण मिळाले अशा दर शंभर कुळांपैकी चार वर्षांनंतर सुमारे पंचेचाळीसच संरक्षित कूळ म्हणून जमीन कसत होती. सुमारे बारांनी जमीन विकत घेतली. कायदेशीर मार्गाने काढलेली कुळे तीनांहूनही कमी होती. परंतु बेकायदेशीरपणे हुसकावलेली बावीस, आणि 'आपखुशीने' जमीन सोडून देणारी जवळजवळ अठरा होती.

या अठरांपाशी आपण थोडे थांबले पाहिजे. जमीन सोडल्याचा जो कागद लिहून द्यावयाचा, त्याला महसुली भाषेत 'राजीनामा' म्हणतात. शब्दाचा अर्थ राजीखुशीचा कागद. जे रान वर्षानुवर्षे कसले, आणि ज्यावर नुकताच कायद्याने हक्क लाभला, ते इतके लोक राजीखुशीने कसे सोडतील? दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतही अशा स्वेच्छेच्या त्यागांपैकी बहुतेकांबद्दल संशय व्यक्त केला होता. वास्तविक कुळाचा बैल, बियाणे, पावसाळ्यातील धान्य आणि लेकीच्या लग्नाचे कर्ज हे सारे पुष्कळदा मालकाच्याच वाड्यावरून येत असे. कायद्याने कुळाला जमिनीचे संरक्षण दिले, पण उद्याच्या पेरणीचे संरक्षण दिले नाही. १९५१-५२ सालची ग्रामीण पतपाहणी गोरवाला समितीने केली. धनंजयराव गाडगीळ तिचे एक सदस्य होते. देशभरातील शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच असल्याचे तीत आढळले. म्हणजे मालकाशी वैर धरावे, तर सावकाराखेरीज दुसरे दार नव्हते. अशा माणसाची 'राजी' ही राजी नव्हे, हे सांगावयास नको.

दुसरी अडचण नोंदीची. कायदा म्हणतो, 'सहा वर्षे कसल्याचे दाखव.' पण वहिवाट बहुधा तोंडी. खंडाची पावती मिळण्याचा रिवाज नाही. आणि पाहणीपत्रकात नाव कोणाचे लिहावयाचे हे पटवाऱ्याच्या हाती. आंध्र प्रदेशात, म्हणजे जुन्या तेलंगणाच्या मुलखातही, गावकामगारांची ही पदे १९८४ पर्यंत टिकली. ज्या लेखणीने जुनी व्यवस्था चालविली, तीच लेखणी नव्या व्यवस्थेची साक्षीदार नेमली गेली.

तिसरी अडचण भाषेची, आणि ती आपल्या विशेष जिव्हाळ्याची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संस्थानाच्या दरबाराची भाषा उर्दू होती. वर्षे फसली सनाची. मराठी, तेलुगू वा कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांना आपल्याच रानाचा कागद दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे. यात उर्दूचा दोष नाही. त्या भाषेचे वैभव आम्ही जाणतो, आणि आपल्या महसुली मराठीचा निम्मा शब्दसंग्रह फारसीच्याच घरचा आहे. दोष त्या व्यवस्थेचा, जिने रयतेचा हक्क रयतेला न वाचता येणाऱ्या अक्षरांत ठेवला. हे कागद अद्याप मृत झालेले नाहीत. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीस मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधताना जुनी उर्दू व मोडी दप्तरे उघडावी लागली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची एक ओळ आजही मनुष्याचे भाग्य ठरवू शकते.

यावर कोणी असा आक्षेप घेतील की, मग कायदा व्यर्थच गेला. आम्हांस तसे वाटत नाही. जहागिरी गेल्या त्या कायमच्या गेल्या. शंभरांतील पंचेचाळीस कुळे टिकली आणि बारा मालक झाली, हेही कायद्याशिवाय घडले नसते. १९७३ साली नियोजन आयोगाच्या कार्यदलाने जमीनसुधारणांच्या अपयशाचे कारण म्हणून राजकीय इच्छाशक्तीच्या अभावाकडे बोट दाखविले. ते खरेच आहे. पण इच्छाशक्ती केवळ मंत्रालयात उपजत नाही. आपला हक्क कोणता, तो कोठे लिहिला आहे आणि तो कोणापुढे मागावयाचा, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस गावोगाव असेल, तरच वरच्या इच्छेला खालून आधार मिळतो.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना आमची एक सूचना आहे. वरच्या वर्गांत निबंध व पत्रलेखन आपण शिकवितोच. वर्षातून एक तास सातबाराच्या उताऱ्यासाठी द्यावा. भोगवटादार कोण, कूळ कोण, इतर हक्कांत काय लिहिले आहे, फेरफाराचा क्रमांक कशासाठी, हे मुलांनी आपापल्या घरच्या अथवा शेजारच्या उताऱ्यावरून वाचून सांगावे. ज्या प्रांतांत उताऱ्याचे नाव वा लिपी निराळी आहे, तेथे तेथील कागद घ्यावा आणि त्याचा अर्थ मराठीतून समजावून द्यावा. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसला तरी चालेल. राजीनाम्याच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी तो वाचून दाखविणारे कोणी घरात असते, तर त्या अठरांपैकी काही कुळे तरी आपल्या रानात राहिली असती, असे आम्हांस वाटते.