काचेच्या हौदांतील दोन वंश

पावसाळ्याच्या तोंडीं आरोग्यखात्याचीं माणसें विहिरींत व टाक्यांत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात, हें आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. या गप्पीचा एक चुलतभाऊ हल्लीं हौशी लोकांच्या घरीं दिसूं लागला आहे. त्याचें नांव एंडलर. नर जेमतेम इंचभर लांब. पण अंगावर नारिंगी, काळा व चकाकता हिरवा असे रंग इतके ठसठशीत कीं नजर खिळून राहावी. आमच्या धाकट्या पुतण्यानें दोन वर्षांमागें अशी एक जोडी आणली आणि जागेच्या सोयीसाठीं ती घरच्या गप्पींच्याच काचेच्या हौदांत सोडली. वर्षभरांत हौद पिलांनीं भरून गेला. परंतु त्या गर्दींत एंडलर कोणता व गप्पी कोणता, हें पुतण्यालाही सांगतां येईना. हौसेनें आणलेला वंश आमच्याच हातून नाहींसा झाला होता.

घोडा व गाढव यांपासून झालेलें खेचर सहसा वांझ असतें, म्हणून त्या दोन जाति निराळ्या, असें आपण शाळेंत शिकलों. पण गप्पी व एंडलर यांच्या मिश्र संततीस पुढें पिलें होतात. मग या दोन जाति कशा? अर्न्स्ट मायर या प्राणिशास्त्रज्ञानें १९४२ सालीं जातीची जी व्याख्या केली, तिचा रोख निसर्गांतील समूहांवर आहे. जे समूह निसर्गांत आपसांत वीण करतात व तशाच इतर समूहांपासून अलग राहतात, त्यांची एक जाति. मोकळ्या पाण्यांत स्थळाचें अंतर आणि मादीची आवडनिवड हीं कुंपणाचें काम करतात. काचेच्या हौदांत हीं कुंपणें कोसळतात.

गप्पीचें शास्त्रीय वर्णन १८५९ सालींच झालें होतें. एंडलर मासा प्रथम १९३७ सालीं व्हेनेझुएलांत कुमाना शहराजवळच्या एका तळ्यांत सांपडला, पण विस्मृतींत गेला. १९७५ सालीं जॉन एंडलर यांना तो पुन्हां आढळला. स्वतंत्र जाति म्हणून त्याचें नामकरण मात्र २००५ सालीं झालें, आणि त्याविषयीं विद्वानांत मतभेद आहेतच. पण त्या तळ्याच्या कांठीं शहराचा कचरा येऊन पडूं लागला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे घरोघरचे हौद हे बियाण्याचें कोठार कसें ठरतात, हें कळेल. कोठारांतलें बीं भेसळलें, तर पेरायचें काय?

यांत उच्चनीचतेचा कांहीं संबंध नाहीं. मिश्र मासा कमी प्रतीचा नसतो. कित्येकदां तो अधिक देखणाही असतो. हानि ती एवढीच कीं, दोन रंग एकदां कालवले म्हणजे ते पुन्हां निराळे काढतां येत नाहींत.

म्हणून हौशी गृहस्थांनीं थोडी दक्षता घ्यावी. दोन्ही वंशांच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात कीं डोळ्यांवर भरंवसा ठेवूं नये; एका हौदांत एकच वंश ठेवावा. मादी नराचें बीज शरीरांत सांठवून एका संगावर अनेक वेळां पिलें देऊं शकते. तेव्हां नर काढून घेतला म्हणजे झालें, असें समजूं नये. हौदावर मासे कोठून व केव्हां आणले याची चिठ्ठी लावावी. जाणते शौकीन यासाठीं तीन वर्ग मानतात : मूळ पाण्यापर्यंत वंशावळ सांगतां येते ते ‘एन’, दिसावयास शुद्ध, पण वंशावळ ठाऊक नाहीं ते ‘पी’, आणि मिश्र ते ‘के’. मिश्र पिलें शुद्ध म्हणून कोणास देऊं नयेत, आणि नकोसे झालेले मासे ओढ्यांत वा नदींत तर कधींच सोडूं नयेत.

आमच्या पुतण्यानें आतां वंशावळीसह दुसरी जोडी आणून निराळा हौद मांडला आहे. पहिलीं पिलें त्यानें एका मित्रास दिलीं. एका घरचा हौद दगावला तरी दुसऱ्या घरीं वंश राहावा, हा त्यांतला हेतु. निसर्गांत जें काम डोंगर व नद्या करतात, तें घरांत माणसाच्या हातास करावें लागतें, एवढा धडा आम्हां वडील माणसांनाही त्या इंचभर माशानें दिला.