संगणकातील ठेव

वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे भंडारा जिल्ह्यातील अतिप्राचीन नगर होय. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले, तेव्हा एका बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. सुमारे दोन हजार वर्षे लोटली, तरी ती अक्षरे आजही वाचता येतात. दगडाचा हा मोठा गुण होय. मात्र दगडावर थोडकेच लिहिता येते आणि लिहिलेले सहजासहजी दुसऱ्या गावी नेता येत नाही.

कागदाने ही अडचण दूर केली, पण नवी चिंता निर्माण केली. चक्रधरस्वामींच्या आरंभीच्या अनुयायांपैकी नीळभट्ट भांडारेकर हे याच भंडाऱ्याचे. स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात संकलित केल्या. महानुभाव परंपरा सांगते की, पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा हिराइसेसारख्या तीव्र स्मरणशक्तीच्या साधकांना जे मुखोद्गत होते, त्यावरून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. पोथी गेली तरी ग्रंथ वाचला, कारण तो दुसऱ्या ठिकाणीही जपलेला होता.

आज घरोघरी संगणक व मोबाइल आहेत. कुटुंबाची छायाचित्रे, शेतीचे हिशेब, प्रमाणपत्रांच्या प्रती, एखाद्या वृद्ध कलावंताने म्हटलेली दंडारीतील गाणी, सारे त्यांतच साठविले जाते. प्रमाणपत्राची दुसरी प्रत कचेरीतून मिळू शकेल. पण तो कलावंत निवर्तल्यावर त्याचे ध्वनिमुद्रण कोणती कचेरी देणार? ऑगस्ट १९२० नव्हे, तर अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरातील व काठच्या गावांतील कितीतरी घरांत पाणी शिरले. अशा वेळी संगणक आणि त्याच्याच शेजारी ठेवलेली त्याची जोडप्रत एकाच पाण्यात बुडते.

जोडप्रत कशावर घ्यावी, हे ठरविण्यासाठी प्रत्येक साधनाचा स्वभाव ओळखला पाहिजे. संगणक सर्व काही शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहितो. प्रचलित पद्धतीत देवनागरीतील ‘क’ या एका अक्षरासाठी अशा चोवीस खुणा लागतात. या खुणा ज्यावर उमटतात ते द्रव्य जितके स्थिर, तितकी ती ठेव सुरक्षित.

हार्ड डिस्कमध्ये त्या चुंबकीय खुणा असतात. आतील चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. म्हणून चालू डिस्क हातातून पडली की बहुधा कायमची निकामी होते. यंत्रभाग असल्याने ती झिजतेही. पाचएक वर्षांनंतर तिच्यावर एकटीवर विसंबू नये. तरीही किंमत आणि सामावून घेण्याची शक्ती पाहता घरगुती जोडप्रतीसाठी हिच्याइतके सोयीचे साधन दुसरे नाही. पाच मेगाबाइटचे एक गाणे धरले, तर एक टेराबाइटच्या डिस्कवर अशी सुमारे २ लाख गाणी मावतात.

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड व एसएसडी यांत फिरणारा भाग नसतो, म्हणून ती अधिक भक्कम वाटतात. हा समज अर्धाच खरा आहे. त्यांत माहिती विद्युत्भाराच्या रूपाने सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेली असते. वीज न मिळता ते साधन दीर्घकाळ पडून राहिले, तर तो भार हळूहळू झिरपून जातो. उष्णतेने झिरपणे वाढते. विदर्भाच्या वैशाखात पत्र्याच्या छपराखालील कपाट कसे तापते, हे येथील मुलांना सांगावयास नको. पेन ड्राइव्ह ही वाहून नेण्याची पिशवी आहे. तिला कोठार समजू नये.

कोऱ्या सीडी-डीव्हीडीवर लिहिताना लेझर किरणाने रंगद्रव्याच्या थरावर खुणा केल्या जातात. प्रकाश व उष्णता यांनी तो रंग बिघडतो. शिवाय डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट एवढेच मावते. एक टेराबाइटसाठी दोनशेहून अधिक तबकड्या लागतील. मोठ्या संस्था चुंबकीय फीत वापरतात. ती नीट राखल्यास सुमारे तीस वर्षे टिकते, पण तिचे वाचनयंत्र घरच्या माणसाला परवडणारे नाही.

आणि वाचनयंत्र हाच सर्वांत कळीचा मुद्दा होय. इंग्लंडमध्ये १०८६ साली जमिनीची व मालमत्तेची प्रचंड पाहणी होऊन ‘डोम्सडे बुक’ तयार झाले. त्याच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ साली बीबीसीने नवी पाहणी करून ती लेझर तबकड्यांवर साठविली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या वाचणारी यंत्रे इतकी दुर्मीळ झाली की, संशोधकांना त्या माहितीच्या उद्धारासाठी खास खटपट करावी लागली. चामड्यावरील नऊशे वर्षांचे मूळ पुस्तक मात्र डोळ्यांनी वाचता येत होते!

यास्तव जाणते लोक एकाच साधनावर भिस्त ठेवीत नाहीत. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी, असा संकेत रूढ आहे. घरी संगणक व हार्ड डिस्क, आणि तिसरी प्रत मामाच्या गावी, उंचावरील कपाटात, अशी व्यवस्था पुरेशी आहे. क्लाउड म्हणजेही दूरच्या मोठ्या संगणकांवरील जागाच. पण तेथील परवलीचा शब्द विसरला किंवा शुल्क थकले, तर दार बंद होते. काही सेवांत तर मोबाइलवरील छायाचित्र पुसताच तेथलेही पुसले जाते. तिला जोडप्रत म्हणता येणार नाही.

प्रत घेऊन झाली की डिस्क संगणकापासून अलग करावी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभरच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद केली. असे हल्ले जोडून ठेवलेल्या डिस्कलाही सोडीत नाहीत. अलग केलेली डिस्क कोरड्या, थंड जागी ठेवावी, वर तारीख लिहावी आणि वर्षातून एक-दोनदा जोडून काही फाइली उघडून पाहाव्यात. बाजारात खोट्या आकाराचे पेन ड्राइव्हही मिळतात. बाहेर लिहिलेला आकडा मोठा, आत जागा थोडी. ते भरेपर्यंत फसगत कळत नाही, म्हणून नवे साधन प्रथम पूर्ण भरून, पुन्हा वाचून पाहावे. चार-पाच वर्षांनी सारी ठेव नव्या डिस्कवर उतरवावी, आणि नवी प्रत तपासून होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.