युनायटेड किंग्डममधील स्थलांतर व नागरिकत्व शुल्क

युनायटेड किंग्डममधील स्थलांतर व नागरिकत्व शुल्क म्हणजे वास्तव्याचा परवाना, कायमस्वरूपी वास्तव्य किंवा ब्रिटिश नागरिकत्व यांसाठी अर्ज करताना ब्रिटिश गृह विभागाकडे भरावी लागणारी रक्कम होय. सरकारी शुल्क हे कामाच्या खर्चाएवढेच असावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ब्रिटिश कायदा मात्र ते खर्चापेक्षा पुष्कळ अधिक ठेवण्याची स्पष्ट मुभा देतो आणि या शुल्कासंबंधीचे बहुतेक वाद त्यातूनच उद्भवले आहेत.

कायदेशीर आधार

२०१४ च्या इमिग्रेशन ॲक्टमधील कलम ६८ हा या शुल्काचा आधार आहे. रक्कम ठरवताना कोणत्या बाबी विचारात घ्यायच्या हे त्यात सांगितले आहे : अर्ज हाताळण्याचा खर्च, मंजुरीमुळे अर्जदाराला होणारा लाभ, स्थलांतर व नागरिकत्वविषयक इतर कामांचा खर्च, आर्थिक वाढीला चालना, इतर देशांतील तत्सम शुल्के आणि आंतरराष्ट्रीय करार. यांतील तिसरी बाब विशेष महत्त्वाची आहे. तिच्यामुळे एका अर्जदाराच्या पैशातून विभागाच्या अन्य कामांचा भार उचलता येतो.

शुल्काची कमाल मर्यादा संसदेच्या संमतीने काढलेल्या आदेशात असते. प्रत्यक्ष रक्कम त्या मर्यादेच्या आत नियमांद्वारे ठरते. त्यासाठी अर्थखात्याची संमती लागते. प्रत्येक अर्जामागील अंदाजे खर्चाचे आकडे गृह विभाग स्वतःच प्रसिद्ध करतो, त्यामुळे खर्च आणि शुल्क यांतील तफावत कोणालाही पाहता येते.

शुल्काचे स्वरूप

एप्रिल २०२५ मध्ये कायमस्वरूपी वास्तव्याचे शुल्क ३,०२९ पाउंड झाले. प्रौढ व्यक्तीच्या नागरिकत्व अर्जाचे शुल्क १,६०५ पाउंड झाले. नागरिकत्वाच्या शपथविधी समारंभाचे १३० पाउंड त्याखेरीज द्यावे लागतात. अर्ज नामंजूर झाला तरी अर्जाचे शुल्क सहसा परत मिळत नाही.

मुदतीच्या परवान्यावर येणाऱ्यांना याशिवाय आरोग्य अधिभार भरावा लागतो. एप्रिल २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पाउंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी १,०३५ आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी ७७६ पाउंड झाला. परवान्याच्या सर्व वर्षांची रक्कम अर्जासोबतच भरावयाची असते. पाच वर्षांच्या परवान्यावर जाणाऱ्या आई, वडील व दोन मुले अशा कुटुंबाचा केवळ अधिभार या दराने १८,११० पाउंड होतो. आरोग्यसेवेतील पात्र कर्मचाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना त्यातून सूट आहे.

मुलांच्या नागरिकत्व नोंदणीचा वाद

१ जानेवारी १९८३ पूर्वी ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाला जवळजवळ नेहमीच आपोआप नागरिकत्व मिळे. १९८१ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्टने ही पद्धत बंद केली. मात्र तेथे जन्मून पहिली दहा वर्षे तेथेच वाढलेल्या मुलाला नागरिक म्हणून नोंदणी करून घेण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला. ही कृपा नसून हक्क आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. परंतु शुल्क भरल्याशिवाय तो बजावता येत नाही.

न्यायालयीन कागदपत्रांत ‘ओ’ या आद्याक्षराने निर्दिष्ट असलेली मुलगी ब्रिटनमध्येच जन्मली व वाढली होती. २०१७ मध्ये तिच्या वतीने अर्ज झाला, तेव्हा शुल्क ९७३ पाउंड होते. कुटुंबाने केवळ प्रशासकीय खर्चाइतकी रक्कम भरल्याने अर्ज स्वीकारला गेला नाही. पुढे शुल्क १,०१२ पाउंड झाले. त्या वेळी विभागाचा स्वतःचा अंदाजित खर्च ३७२ पाउंड होता, म्हणजे प्रत्येक मुलामागे ६४० पाउंड वरकड.

डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने, शुल्क ठरवताना मुलांच्या हिताचा योग्य विचार झाला नाही, असा निर्णय दिला. शुल्क मुळातच कायद्याच्या अधिकाराबाहेरचे आहे, हा दुसरा मुद्दा मात्र २ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. खर्चापेक्षा अधिक शुल्क घेण्याचा अधिकार संसदेनेच दिला असल्याने त्याचा इष्टानिष्ट विचार हा राजकीय प्रश्न आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. जून २०२२ पासून शुल्क परवडत नसलेल्या मुलांना माफीसाठी अर्ज करता येऊ लागला. मूळ शुल्क मात्र कमी झाले नाही. उलट ते १,२१४ पाउंडांवर गेले.

सवलती

राजकीय दडपणाखाली शुल्क मागे घेतल्याची उदाहरणेही आहेत. २०१८ च्या विंडरश प्रकरणानंतर त्या पिढीतील लोकांचे नागरिकत्व शुल्क माफ झाले. ब्रेक्झिटनंतर तेथेच राहू इच्छिणाऱ्या युरोपीय नागरिकांसाठी ठरलेले ६५ पाउंडांचे शुल्क पंतप्रधान थेरेसा मे यांनी जानेवारी २०१९ मध्ये रद्द केले.

इतर देशांशी तुलना

जर्मनीत नागरिकत्वाचे शुल्क कायद्यातच लिहिलेले आहे : प्रौढांसाठी २५५ युरो, पालकांसोबत अर्ज करणाऱ्या व स्वतःचे उत्पन्न नसलेल्या मुलांसाठी ५१ युरो. अमेरिकेत संबंधित विभागाचा बहुतांश खर्च अर्जदारांच्या शुल्कातूनच भागतो. एप्रिल २०२४ पासून नागरिकत्वाच्या कागदी अर्जाला ७६० डॉलर, तर कमी उत्पन्न असणाऱ्यांना ३८० डॉलर पडतात. नेदरलँड्समध्ये दीर्घकालीन वास्तव्यासाठी आकारले जाणारे १८८ ते ८३० युरो युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये अवाजवी ठरवले. त्या वेळी तेथील नागरिकांच्या ओळखपत्राला सुमारे ३० युरो पडत, ही तुलना न्यायालयाने विचारात घेतली.

भारतीय अर्जदार

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. त्यामुळे ब्रिटिश नागरिकत्व घेणाऱ्या भारतीयाला, त्यांत मराठी कुटुंबेही आली, भारतीय पारपत्र परत करावे लागते. भारतात विनाव्हिसा ये-जा करायची असल्यास ‘ओसीआय’ कार्डासाठी भारत सरकारकडे स्वतंत्र शुल्क भरावे लागते.